शुद्ध लोखंडच जास्त कठीण होतं?

"लोखंड जितकं शुद्ध, तितकं पाणी दिल्यावर (म्हणजे लाल तापवून एकदम पाण्यात बुडवल्यावर) कठीण" असं सर्रास सांगितलं जातं. पटण्यासारखं आहे, पण खरं उलट आहे. शुद्ध लोखंड मऊच राहतं.

कठीणपणा येतो कार्बनमुळे. लालभडक तापलेल्या पोलादात, म्हणजे कार्बन असलेल्या लोखंडात, कार्बन विरघळतो. ते एकदम पाण्यात बुडवलं की कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो अणूंच्या रचनेत अडकतो. मग अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत. त्यासाठी साधारण 0.6 ते 1 टक्का कार्बन पुरतो! सगळीच भेसळ मात्र कामाची नाही. गंधक, फॉस्फरस पोलाद ठिसूळ करतात.

खात्री करायचीय? साधा खिळा (कार्बन कमी) आणि जुन्या कानशीचा तुकडा (कार्बन जास्त) लाल तापवून पाण्यात बुडवा (डोळ्यांवर चष्मा हवाच). मग दोन्हींवर दुसरी कानस फिरवा. खिळ्यावर चरा उमटतो, तुकड्यावरून ती घसरते.