इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी शाळेतला भाषा-आधार

घरी दुसरी भाषा आणि शाळा मात्र इंग्रजीतून, अशा मुलांना शाळेकडून जी जादाची मदत मिळते तिच्या सगळ्या प्रकारांना मिळून भाषा-आधार म्हणतात. अमेरिकेत या मुलांना 'इंग्लिश लर्नर' म्हणायची पद्धत आहे, इंग्लंडात 'ईएएल'वाली (जादाची भाषा म्हणून इंग्रजी) मुलं, बाकी ठिकाणी ईएसएल (दुसरी भाषा म्हणून इंग्रजी) किंवा ईसॉल (इतर भाषा बोलणाऱ्यांसाठी इंग्रजी) ही नावं चालतात. इथली बरीचशी माहिती अमेरिकेची आहे कारण वाद, कोर्टकचेऱ्या आणि अभ्यास सगळ्यात जास्त तिथंच झालेत.

प्रकार

पुल-आउट म्हणजे मुलाला रोज थोडा वेळ मुख्य वर्गातून बाहेर काढून छोट्या ग्रुपमधे इंग्रजी शिकवणं, आणि पुश-इन म्हणजे ईएसएलची टीचर स्वतःच मुख्य वर्गात येऊन बसते. पुल-आउटवर नेहमीची तक्रार अशी की तेवढ्या वेळात वर्गात जे शिकवलं ते मुलाचं बुडतं. पुश-इनची अडचण वेगळी, दोन्ही टीचर्सनी आधी बसून प्लॅनिंग केलं नसेल तर ईएसएलची टीचर मागच्या बाकाशेजारी कुजबुजत भाषांतर करणारी मदतनीस होऊन बसते. शेल्टर्ड पद्धतीत गणित-विज्ञान इंग्रजीतूनच पण वाक्यं सोपी, चित्रं, तक्ते, हातवारे, शब्दांची आधी तयारी असं करून शिकवतात. ट्रान्झिशनल द्विभाषिक वर्गात सुरुवात घरच्या भाषेत करून काही वर्षांत पूर्ण इंग्रजीवर आणतात. ड्युअल लँग्वेजमधे इंग्रजी येणारी आणि न येणारी मुलं एकाच वर्गात दोन्ही भाषांतून शिकतात, वेळेची वाटणी ५०-५० नाहीतर सुरुवातीला ९०-१० (९० टक्के वेळ इंग्रजी नसलेल्या भाषेत). नुकत्याच आलेल्या मुलांसाठी काही ठिकाणी न्यूकमर सेंटर असतं.

सुरुवात कुठून धरायची

बहुतेक ठिकाणी सुरुवात १९७४ च्या लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यापासून सांगतात आणि ते सोयीचंही आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधे चिनी वंशाच्या साधारण १,८०० मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना कसलीच जादा मदत मिळत नव्हती, शाळांचं म्हणणं असं की पुस्तकं तीच, टीचर तेच, वर्ग तोच, मग भेदभाव कसला. सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं नाही, भाषाच कळत नसेल तर तीच पुस्तकं देणं म्हणजे समान वागणूक नव्हे असं ठरवलं. पण दोन गोष्टी नेहमी गाळल्या जातात. एक, निकाल राज्यघटनेतल्या समानतेच्या कलमावर नाही तर १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टवर दिलेला होता. दुसरी जास्त महत्त्वाची, कोर्टाने कुठलीही पद्धत लादली नाही, इंग्रजी शिकवणं हा एक मार्ग, चिनीतून शिकवणं हा दुसरा, आणखीही असू शकतील, असं म्हणून मोकळं सोडलं. त्यामुळे 'लाऊमुळे द्विभाषिक शिक्षण सक्तीचं झालं' हे जे वाचायला मिळतं ते बरोबर नाही, तशी दिशा १९७५ च्या सरकारी सूचनांनी ('लाऊ रेमेडीज') दिली आणि त्या पुढे मागेही घेतल्या गेल्या.

शिवाय लाऊ काही आभाळातून पडलं नव्हतं. २५ मे १९७० च्या केंद्र सरकारच्या एका मेमोमधे शाळांना हेच सांगितलेलं होतं आणि कोर्टाने निकालात त्याचाच आधार घेतला. त्याच्याही आधी १९६८ चा बायलिंग्वल एज्युकेशन अ‍ॅक्ट, ज्यात पैसा होता पण सक्ती नव्हती. त्याच्याही आधी १९६३ मधे मायामीतल्या कोरल वे प्राथमिक शाळेत, क्यूबातून आलेल्या कुटुंबांमुळे, अर्धा दिवस स्पॅनिश अर्धा दिवस इंग्रजी असा ड्युअल प्रयोग सुरू झालेला होता. आणि खूप मागे जायचं तर ओहायो राज्याने १८३९ मधेच जर्मन-इंग्रजी शाळांना कायद्याने परवानगी दिली होती. पण ओहायोचं उदाहरण इथं कितपत लागू होतं यावर शंका घ्यायला जागा आहे, कारण तिथं हेतू मुलांना इंग्रजीत आणण्यापेक्षा जर्मन टिकवण्याचा जास्त दिसतो. आधार हा मुलाचा हक्क, ही कल्पना १९७० ते १९७४ च्या दरम्यानची धरणं त्यातल्या त्यात बरं.

रोजच्या कामात मात्र लाऊपेक्षा १९८१ चा कास्टान्येडा विरुद्ध पिकार्ड निकाल जास्त उपयोगी पडतो. टेक्ससमधल्या रेमंडव्हिलचा हा खटला, आणि निकाल सुप्रीम कोर्टाचा नसून अपील कोर्टाचा, तरी त्यातली तीन पायऱ्यांची कसोटी सरकारी तपासणीत अजून वापरतात. कार्यक्रमामागे तज्ज्ञांना पटण्यासारखा विचार आहे का, तो राबवायला पुरेशी माणसं आणि साधनं दिलीत का, आणि काही काळाने या मुलांचं बाकीच्या मुलांपासूनचं अंतर खरंच कमी झालं का. शाळा अडकतात त्या बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवर, कागदावर कार्यक्रम असतो आणि शिकवायला ट्रेनिंग असलेलं माणूस नसतं.

किती वर्षं लागतात

या विषयातला सगळ्यात जास्त उगाळलेला आकडा म्हणजे 'पाच ते सात वर्षं'. कॅनडातल्या जिम कमिन्स यांनी १९७९ मधे गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा फरक मांडला, मग १९८१ मधे टोरोंटोतल्या स्थलांतरित मुलांची आकडेवारी पुन्हा तपासून दाखवलं की बोलणं एक-दोन वर्षांत जमतं पण अभ्यासात बरोबरीच्या मुलांजवळ पोचायला पाच ते सात वर्षं जातात. मैदानावर फाडफाड बोलणारं पोर इतिहासाच्या धड्यात का अडकतं याचा उलगडा त्यातून होतो, म्हणून शाळांनी ही मांडणी उचलली. टीकाही झाली. कॅरोल एडेल्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८३ मधे, पुढे मॅकस्वान आणि रोल्स्टॅड यांनी २००३ मधे आक्षेप घेतला की यातली 'अभ्यासाची भाषा' म्हणजे शाळेच्या टेस्टमधे मार्क मिळवायचं कौशल्य, ते ज्याला नाही त्याच्या भाषेतच काहीतरी कमी आहे असा अर्थ निघतो. हा आक्षेप वजनदार आहे. तरी वर्षांचा हिशोब त्याने फारसा हलत नाही, हाकुता, बटलर आणि विट यांच्या २००० च्या अभ्यासातही बोलण्याला तीन ते पाच आणि अभ्यासाच्या इंग्रजीला चार ते सात वर्षं असंच आलं.

या आकड्यावर राजकारणही झालं. कॅलिफोर्नियात जून १९९८ मधे मतदारांनी प्रपोझिशन २२७ (थेट मतदानाला टाकलेला प्रस्ताव) पास केलं, त्यात मुलांना शेल्टर्ड इंग्रजीत साधारण एक वर्षापेक्षा जास्त ठेवू नये आणि मग सरळ मुख्य वर्गात टाकावं असं होतं. अ‍ॅरिझोनाने २००० मधे आणि मॅसॅच्युसेट्सने २००२ मधे तसंच केलं. कॅलिफोर्नियाने ते २०१६ मधे प्रपोझिशन ५८ ने बहुतांशी मागे घेतलं, मॅसॅच्युसेट्सनेही २०१७ मधे शाळांना पुन्हा पद्धत निवडायची मोकळीक दिली. एका वर्षाच्या मुदतीला पुरावा काय होता हे शोधायला गेलं तर पुराव्यापेक्षा इच्छाच जास्त दिसते.

कुठली पद्धत चांगली

बेकर आणि डी कँटर यांनी १९८१ मधे अभ्यासांचा आढावा घेऊन ट्रान्झिशनल द्विभाषिक पद्धतीची बाजू कमकुवत ठरवली. अ‍ॅन विलिग यांनी १९८५ मधे बरेचसे तेच अभ्यास घेऊन वेगळ्या सांख्यिकी पद्धतीने हिशोब केला तर निष्कर्ष उलटा, द्विभाषिकच्या बाजूने. स्लेव्हिन आणि च्युंग यांच्या २००५ च्या वाचनावरच्या आढाव्यातही झुकाव द्विभाषिककडेच. पण स्लेव्हिन यांच्याच टीमने २०११ मधे मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं द्विभाषिक आणि फक्त इंग्रजी अशा दोन गटांत वाटून केलेल्या अभ्यासात चौथीपर्यंत इंग्रजी वाचनात दोन्ही गट जवळपास सारखे निघाले. म्हणजे घरची भाषा वापरल्याने इंग्रजी मागे पडतं ही भीती तरी टिकत नाही, आणि घरची भाषा हातात राहते हा फायदा वर. उमान्स्की आणि रिअर्डन यांनी २०१४ मधे दाखवलेली गोष्ट इथं लक्षात ठेवायला हवी, द्विभाषिक वर्गातली लॅटिनो मुलं प्राथमिकमधे 'इंग्लिश लर्नर' या शिक्क्यातून हळू सुटतात पण शेवटी सुटणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यातच जास्त, म्हणजे दोन-तीन वर्षांत मोजमाप केलं तर हीच पद्धत फेल दिसणार.

आत येणं आणि बाहेर पडणं

अ‍ॅडमिशनच्या वेळी पालक घरच्या भाषेचा फॉर्म भरतात, मग स्क्रीनिंग टेस्ट. २०१५ च्या फेडरल कायद्यानुसार (एसा) प्रत्येक राज्याला आत घ्यायचे आणि बाहेर काढायचे निकष राज्यभर एकसारखे ठेवावे लागतात, तपासणी अ‍ॅडमिशननंतर ३० दिवसांत. दरवर्षी टेस्ट होते, बऱ्याच राज्यांत विडा या संस्थेची अ‍ॅक्सेस टेस्ट, बोलणं-ऐकणं-वाचणं-लिहिणं चारही. पालक कार्यक्रम नाकारू शकतात पण शिक्का आणि वार्षिक टेस्ट राहतेच, हे पालकांना उशिरा कळतं. शिक्का सुटल्यावरही निदान दोन वर्षं शाळेने लक्ष ठेवायचं असतं.

भाषा न येणं आणि शिकायला अडचण असणं यातली गल्लत जुनी आहे. १९७० च्या कॅलिफोर्नियातल्या डायना खटल्यात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमत्ता चाचणी इंग्रजीतून घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात टाकलं होतं, तडजोडीत चाचणी मुलाच्या भाषेतही घ्यायचं ठरलं. उलटी चूकही होते, खरी अडचण असलेलं मूल 'इंग्रजी आलं की होईल नीट' म्हणून वर्षानुवर्षं थांबवून ठेवतात.

इतर देश

इंग्लंडात १९६५ च्या परिपत्रकाने स्थलांतरित मुलांचं प्रमाण एका शाळेत एक तृतीयांशाच्या आत राहावं म्हणून त्यांना बसने लांबच्या शाळांत पाठवायला सुचवलं, १९६६ च्या कायद्यातल्या कलम ११ खाली जादा टीचर्ससाठी पैसे मिळू लागले, आणि वेगळी भाषा-केंद्रंही चालली. १९८५ च्या स्वान अहवालाने वेगळं काढण्याऐवजी मुख्य वर्गातच आधार द्या म्हटलं, १९८६ मधे काल्डरडेलच्या चौकशीत वेगळी केंद्रं अप्रत्यक्ष भेदभावाची ठरली, तेव्हापासून तिथं पुश-इनसारखीच पद्धत रुजली. शाळांनी ए ते ई अशी इंग्रजीची पातळी सरकारला कळवायची पद्धत २०१६ मधे आली आणि २०१८ मधे बंद झाली. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समधे नवीन आलेल्या मोठ्या मुलांसाठी इंटेन्सिव्ह इंग्लिश सेंटर्स आहेत, तिथं काही टर्म काढून मग मुलं हायस्कूलला जातात.