'लिमा': हात, पाच आणि शेती

'पंजा' म्हटलं की आपल्याला हात दिसतो, पण त्यात फारसी 'पंज', म्हणजे पाच, दडलेला आहे. तैवानपासून हवाईपर्यंतच्या ऑस्ट्रोनेशियन भाषांत हा प्रवास उलटा झाला. 'लिमा' आधी हात, मग बोटं मोजता मोजता पाच. सामोआत दोन्ही अर्थ अजून एकाच शब्दात नांदतात. फिलिपिन्समध्ये वाटण्या झाल्या: तागालोगात 'लिमा' फक्त पाच, हात 'कामाय', इलोकानोत पाच 'लिमा' आणि हात 'इमा'.

खरा गुंता प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर आहे. 1769 साली ब्रिटिश जहाजावरच्यांनी तिथले आकडे टिपले, तेव्हा पाचाला 'रिमा' म्हणत (ल चा र होणं ही तिकडची रीतच, न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरीतही 'रिमा'). आज ताहितीत पाच म्हणजे 'पाए'. याचं नेहमी दिलं जाणारं कारण म्हणजे 'पिई' ही प्रथा: राजाच्या नावात आलेले शब्द प्रजेने तोंडी आणायचे नाहीत. राजाने 'पोमारे' हे नाव घेतल्यावर रात्रीचा 'पो' गेला, खोकल्याचा 'मारे' गेला. रात्र 'रुई' झाली आणि खोकला चक्क 'होता'! 1791-92 च्या सुमारास आलेल्या खलाशांना रोजच्या वापरातले कितीतरी शब्द बदललेले दिसले. पण सगळं खापर राजाज्ञेवर फोडणं मला पटत नाही. हाताला ताहितीत आजही 'रिमा'च म्हणतात. बंदी सैल झाल्यावर जुने शब्द परतले असं मानलं, तर हात परतला आणि पाच तेवढा बाहेरच का राहिला?

आफ्रिकेची गोष्ट निराळी. 'बांटू' हे भाषाकुळाचं नाव एकोणिसाव्या शतकातलं, अर्थ 'माणसं'. या कुळातल्या स्वाहिलीत 'लिमा' म्हणजे शेत कसणं. त्यावरूनच 'म्कुलिमा' म्हणजे शेतकरी. पाच 'तानो', हात 'म्कोनो'. पॉलिनेशियाशी, म्हणजे सामोआ-ताहितीकडच्या त्या बेटांशी, नातं काही नाही, निव्वळ योगायोग. ऑस्ट्रोनेशियन शब्द आफ्रिकेच्या दारात खरोखर पोचला तो मादागास्करमध्ये, बोर्निओकडून आलेल्या लोकांबरोबर, आणि तिथे तो 'दिमी' आहे, म्हणजे पाचच. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून अंतर जेमतेम चारशे किलोमीटर.

झिम्बाब्वेतल्या शोना भाषेत मात्र ल चा र झालाय, त्यामुळे शेत कसणं म्हणजे 'रिमा', अगदी माओरीतल्या पाचासारखं. शोनात पाचाला म्हणतात 'शानू'.