केळफांचा हिशेब

नाशिकमध्ये कुणी स्वतः लिहून, स्वतःच काम करून, वर पैसेही स्वतःच उभे करून सिनेमा काढायला निघाला, की ओळखीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "फाळक्यांचा वारसा!" म्हणायला हरकत नाही. फक्त हा वारसा कलेइतकाच कर्जाचाही आहे.

धुंडिराज गोविंद, म्हणजेच दादासाहेब, फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. सिनेमाच्या नादाला लागेपर्यंत चाळिशी आली होती. तोवर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छापखाना असं बरंच करून झालं होतं. जादूचे प्रयोगही करत, आडनाव उलटं फिरवून 'प्रोफेसर केळफा' या नावानं. पुढे पडद्यावर देव अदृश्य व्हायचे, मुंडकी उडायची, ते बघताना हा केळफा विसरू नये.

'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहून त्यांना आपल्या देवांचा सिनेमा सुचला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्यापुढचा हिशेब कमी जणांना माहीत असतो. १२ हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून १० हजार उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथे ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला. परत आल्यावर वाटाण्याचं रोप उगवताना चित्रित करून दाखवलं, तेव्हा कुठे पैसे देणारा माणूस मिळाला. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले. त्या फिल्मला भोकं पाडत, शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाक करत. आजच्या श्रेयनामावलीत या कामांना किती नावं लागतील, मोजून बघा. सिनेमात काम करणं बदनामीचं होतं, म्हणून नटांना सांगून ठेवलेलं असे की कुणी विचारलंच तर 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहे' म्हणायचं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

इथवर सगळं मुंबईत, दादरच्या आसपास. नाशिककर हे सोयीनं विसरतात. बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला आले ते त्याच वर्षी, 'हरिश्चंद्र' चालल्यावर. गोदाकाठ, देवळं, भोवतीचे डोंगर. पौराणिक कथेला आणखी काय हवं? इथे झालेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं. आधीच्या चित्रपटात तारामतीसुद्धा पुरुषच होता, अण्णा साळुंके. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये हेच साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. पंचवटीच्या गावात सीता कोण झाली, याची तक्रार कुणी केली नाही. गल्ला तर इतका जमला की नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात.

पण मध्ये महायुद्ध आलं होतं, भांडवलदार हात आखडून बसले होते. पुढचा चित्रपट आधीच्या कमाईवर काढायचा, हा मेळ किती दिवस बसणार? १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. कन्या मंदाकिनीला कृष्ण करून काढलेले 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालियामर्दन' याच काळातले. पैसा आला, त्यामागून किती खर्च आणि किती दिवस हे विचारणारेही आले. खटके उडाले, फाळके सगळं सोडून काशीला गेले आणि तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहून बसले. १९२२ मध्ये परतले ते त्याच कंपनीत, महिना १,००० रुपये पगारावर. ज्यानं हा धंदा इथे रुजवला, तो आता पगाराच्या दिवसाची वाट बघणार. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा खरा सांधा इथेच निखळला. लोक बोलपटाला दोष देतात, तो नंतरचा.

'सेतुबंधन' मूकपट म्हणून काढला आणि मग त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव खरा बोलपट, तोही कोल्हापूरच्या कंपनीसाठी. पुढे दुसऱ्या महायुद्धात चित्रपट काढायला सरकारी परवाना लागू लागला. सत्तरी ओलांडलेल्या फाळक्यांनी अर्ज केला. उत्तर नकाराचं आलं. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकमध्येच गेले.