ओक्लाहोमा : दिलेल्या शब्दाची जमीन

१६ नोव्हेंबर १९०७ रोजी ओक्लाहोमा हे अमेरिकेचं ४६वं राज्य झालं. त्या दिवशी तेव्हाची राजधानी गथ्रीत ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एक लुटुपुटीचं लग्न लावलं गेलं. नवरा ‘ओक्लाहोमा टेरिटरी’, एक गोरा व्यावसायिक. नवरी ‘इंडियन टेरिटरी’, चेरोकी या आदिवासी जमातीच्या वंशाची स्त्री. दोन मुलुख एक झाले, हे लोकांना दाखवायचं होतं.

नवरीची मर्जी मात्र दोन वर्षांपूर्वीच कळली होती. १९०५ मध्ये मस्कोगीला जमून इंडियन टेरिटरीच्या प्रतिनिधींनी ‘सिक्वोया’ या वेगळ्या राज्याची घटना लिहिली आणि मतदारांनी ती भरघोस मतांनी मंजूर केली. चेरोकी भाषेला लिपी देणाऱ्या माणसाचं नाव राज्याला द्यायचं, किती सुंदर कल्पना! वॉशिंग्टननं ती मागणी बाजूला सारली.

इंडियन टेरिटरीचा हा मुलुख मुळात आदिवासी जमातींना भरपाई म्हणून मिळाला होता. १८३० च्या कायद्यानं अँड्र्यू जॅक्सनच्या सरकारनं चोक्टॉ, क्रीक, चिकसॉ, चेरोकी आणि सेमिनोल लोकांना आग्नेयेकडच्या घरादारांतून उठवलं. ‘अश्रूंची वाट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या स्थलांतरात एकट्या चेरोकींचेच सुमारे ४,००० जीव गेले. बदल्यात करारांनी शब्द दिला होता की नवी जमीन तुमचीच राहील, तिथे कुठल्याही राज्याचा कायदा चालणार नाही.

यादवी युद्धानंतर, १८६६ मध्ये, त्यातला मोठा तुकडा सरकारनं काढून घेतला. २२ एप्रिल १८८९ च्या भर दुपारी बाराला ही जमीन बाहेरच्यांना खुली झाल्याचा इशारा झाला आणि सुमारे ५०,००० माणसं घोड्यांवर, गाड्यांतून, पायी तिकडे सुटली. खुंटी ठोकेल त्याची १६० एकर जमीन. सकाळी गथ्रीत रेल्वे स्टेशन आणि जमीन कचेरी एवढंच होतं. रात्री हजारोंचे तंबू होते. काहीजण आधीच घुसून झुडपांत दबा धरून बसले होते. त्यांना ‘सूनर’, म्हणजे वेळेआधी आलेले, म्हणत. फसवणुकीचा हा शब्द आज राज्याचं लाडकं टोपणनाव आहे, हे मला अजूनही खुपतं.

उरलेली सामाईक जमीन माणशी तुकडे पाडून वाटली गेली आणि हळूहळू परक्यांच्या हाती गेली.

जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की क्रीक लोकांचं राखीव क्षेत्र काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, कधी रद्दच केलेलं नाही. तिथल्या आदिवासी आरोपींवर गंभीर गुन्ह्यांचे खटले राज्याला चालवता येणार नाहीत. टल्सा शहराचा बराचसा भाग त्या क्षेत्रात येतो. निकालपत्राचं पहिलंच वाक्य त्या अश्रूंच्या वाटेबद्दल आहे : तिच्या दुसऱ्या टोकाला एक वचन होतं.