अनलिस्टेड आणि प्रायव्हेट: शिक्षकांचा हमखास होणारा घोळ

गॅदरिंग झालं की आमच्या डिचोलीकडे बहुतेक शाळांत हेच चालतं, मुलांच्या नाचाचे व्हिडिओ युट्युबवर चढवायचे, सेटिंग 'अनलिस्टेड' ठेवायचं आणि पालकांच्या ग्रुपवर लिंक टाकून खाली लिहायचं, "काळजी नको, व्हिडिओ प्रायव्हेट आहे." मीही दोन वर्षं हेच लिहीत होते.

अनलिस्टेड व्हिडिओ सर्चमध्ये येत नाही, चॅनेलवर दिसत नाही, पण लिंक ज्याच्या हाती पडली तो लॉगिन न करता बघतो आणि हवं त्याला पाठवतो. घराची चावी तुळशीमागे ठेवून म्हापशाच्या बाजाराला जावं तसं हे, जागा कोणाला कळली नाही तोवरच ठीक. त्यात कोणी तो आपल्या पब्लिक प्लेलिस्टमध्ये घातला तर तिथून अनोळखी माणसांनाही दिसायला लागतो. प्रायव्हेटमध्ये मात्र तुम्ही ज्यांचे ईमेल टाकाल त्यांनाच, त्यांच्या गुगल अकाउंटने लॉगिन केल्यावरच व्हिडिओ उघडतो, लिंक फॉरवर्ड झाली तरी बाकीच्यांना काही दिसत नाही. अडचण एकच, बोलावता येतात ५० जण, दोन वर्गांचे पालक धरले की संपलं, मग सगळे अनलिस्टेडकडे वळतात. युट्युबने स्वतःच २३ जुलै २०२१ पासून २०१७ च्या आधीचे अनलिस्टेड व्हिडिओ प्रायव्हेट करायला घेतले होते, कारण तेव्हाच्या लिंक अंदाजाने सापडणं नव्या लिंकपेक्षा सोपं होतं. यावरून समजा, अनलिस्टेडची सगळी भिस्त त्या लिंकवर.

नाचाचं एकवेळ चालेल, मला जास्त भीती गुगल शीटची वाटते. तिथेही हीच जोडी आहे, फक्त नावं वेगळी, 'रिस्ट्रिक्टेड' म्हणजे तुम्ही ज्यांना जोडाल त्यांनाच दिसते, आणि 'एनीवन विथ द लिंक' म्हणजे लिंक असलेल्या कोणालाही. गेल्या जूनमध्ये एका शाळेतली शीट फिरत फिरत माझ्या फोनवर आली, त्या शाळेशी माझा काही संबंध नाही. उघडली तर मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचा मोबाईल, आधार नंबर, आणि शेवटच्या कॉलममध्ये कोणाला कसला आजार आहे ते. एका मुलीच्या नावापुढे 'फिट येते' लिहिलेलं. मी लगेच तिथल्या बाईंना फोन केला, त्यांना खरंच वाटत होतं की शीट फक्त त्यांच्या स्टाफला दिसते.

असं का होतं तेही सांगते. पहिल्यांदा शीट रिस्ट्रिक्टेडच असते, मग रात्री अकराला कोणीतरी दुसऱ्याच ईमेलने उघडायला जातं, ॲक्सेस मागणारे मेल येत राहतात, आणि वरून उद्याच माहिती हवी असा निरोप असतो, तेव्हा कंटाळून एनीवन करून टाकतो आणि परत बदलायचं राहून जातं. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा नियम धरलाय, आणि आईने तो आजार शाळेला सांगितला होता, अख्ख्या तालुक्याला नाही.

माहिती गोळाच करायची तर गुगल फॉर्म बरा, प्रत्येकजण आपलं भरतो आणि उत्तरांची शीट तुमच्याकडे बंद राहते, फक्त भरणाऱ्यांना निकालाचा सारांश दाखवायचं सेटिंग बंद आहे ना ते बघा, ते चालू राहिलं तर एकाचं उत्तर दुसऱ्याला दिसतं. शीट बंद आहे की उघडी हे तपासायला लिंक कॉपी करून इनकॉग्निटो विंडोत (ब्राउझरची वेगळी विंडो, जिथे तुमचं लॉगिन नसतं) टाका, लॉगिन न मागता उघडली की समजायचं उघडी आहे. उघडी निघाली तर शेअरमध्ये जाऊन रिस्ट्रिक्टेड करा, जुनी लिंक बाहेरच्यांसाठी तिथेच मरते, मात्र कोणी आधीच डाउनलोड केली असेल तर ती परत येत नाही.

परवा रात्री मी माझ्या ड्राइव्हमधल्या शीट अशाच एकेक तपासल्या, चार उघड्या निघाल्या. त्यातली एक २०२० ची, लॉकडाऊनमध्ये कोणाच्या घरी रेंज येते आणि कोणाला डोंगरावर चढावं लागतं ते लिहायला केलेली, सगळ्या पालकांच्या नंबरांसकट. ती चौथीतली मुलं आता हायस्कूलात आहेत.