क्षय सापडला, तरी शोध संपत नाही

मानेला गाठ आली की पेठांत काय नि हडपसरला काय, दोन सल्ले फुकट मिळतात. 'टीबीची असेल' हा पहिला, 'सुई लावू नका, पसरतं' हा दुसरा. दुसरा खुशाल सोडून द्यावा. बारीक सुईने चार पेशी ओढल्याने रोग पसरण्याची भीती नगण्य आहे. पहिला मात्र बऱ्याचदा खरा निघतो आणि घोळ तिथेच होतो. क्षय सापडला की पुढे कोणी शोधत नाही. पण एकाच गाठीत क्षय आणि कॅन्सर दोन्ही असू शकतात.

ही गल्लत जुनी आहे. १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी हॉजकिन लिम्फोमाचे, म्हणजे लसिका ग्रंथींच्या एका कॅन्सरचे, रुग्ण अभ्यासले. त्यांतल्या बऱ्याच जणांना क्षयही होता, म्हणून हा आजार क्षयाचाच एक प्रकार असावा असे त्यांनी मानले. तो वेगळा आहे, हे १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी मांडले.

सूक्ष्मदर्शकाखाली आजही फसगत होते. क्षयात पेशींचे पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा, दिसतात आणि मधोमध पनीरासारखा मेलेला भाग. पण क्षयाचा एकही जंतू नसताना हॉजकिनमध्येही ग्रॅन्युलोमा होतात. तोंडाचा कॅन्सर मानेत उतरला आणि गाठ आतून सडली, तर सुईतून पुवासारखाच द्रव येतो. रिपोर्टात नुसतेच 'ग्रॅन्युलोमा' असेल आणि जंतू सापडला नसेल, तर माझ्या लेखी ते अर्धे उत्तर.

बायोप्सीच्या वेळी खरी मेख बाटलीत असते. फॉर्मॅलिनमध्ये पेशी टिकतात, जंतू मरतात. म्हणून एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि एक सलाइनमध्ये जायला हवा. घाईत सगळेच फॉर्मॅलिनमध्ये पडले, की कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याचा, प्रश्नच मिटला! सलाइनमधल्या तुकड्यावर जीनएक्सपर्ट ही जंतूची जनुके शोधणारी चाचणी दोनेक तासांत क्षयाचा जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला तो दाद देतो का, हे सांगते. कल्चरला सहा आठवडेही लागतात.

उलटी चूकही होते. मिश्री लावणाऱ्या बाईला तोंडाचा कॅन्सर निघतो, मानेतल्या गाठीही त्याच्याच धरल्या जातात आणि स्टेज उगाच वर जाते. गाठी असतात क्षयाच्या. पेट स्कॅनचा इथे उपयोग कमी, कारण त्यात दोन्ही आजार चमकतात.

टीबीच्या गोळ्या चालू असताना गाठ काही काळ वाढूही शकते. मेलेल्या जंतूंवर शरीर चवताळते, म्हणून. लगेच गोळ्या सोडू नयेत. पण महिने उलटूनही गाठ वाढतेच आहे, रात्री घाम येतोय, वजन उतरतेय, तर पुन्हा तपासणी हवी; आणि लिम्फोमाची शंका असेल तर नुसती सुई नको, अख्खी गाठ काढून तपासावी.