टेबल लॅम्पची शेड आणि लटकत्या दिव्याची शेड: फरक मधल्या कड्यात

दुकानात शेजारी ठेवल्या तर दोन्ही सारख्याच दिसतात: तारेचा सांगाडा, वरून कापड, आतून पांढरं अस्तर. फरक कळतो आत डोकावल्यावर. होल्डर ज्यात बसतो ते लहान कडं दोन-तीन तारांनी बाहेरच्या कड्याला जोडलेलं असतं. शेडचं रुंद तोंड खाली ठेवा. लहान कडं खालच्या काठाजवळ असेल तर ती टेबल लॅम्पची, वरच्या काठाजवळ असेल तर लटकत्या दिव्याची.

टेबल लॅम्पमध्ये बल्ब कड्यातून वर उभा राहतो, लटकत्या दिव्यात खाली लोंबतो. त्यामुळे टेबलाची शेड तशीच छताला लावली की कापड वर राहतं आणि बल्ब खाली उघडा पडतो. लटकती शेड स्टँडवर चढवली तर ती दांड्याभोवती खाली उतरते आणि बल्ब वर उघडा राहतो. सरळ नळकांड्यासारखी शेड उलटी करून दोन्हीकडे चालते. निमुळती शेड मात्र उलटवू नये: रुंद तोंड वर जातं, बराचसा उजेड छतावर जातो आणि ताटात अंधार.

दुसरा घोळ भोकाच्या मापाचा. आपल्याकडचा नेहमीचा पिनचा बल्ब म्हणजे बी२२. त्याच्या होल्डरला साधारण २८-२९ मिमीचं भोक लागतं. आट्यांच्या ई२७ होल्डरला ४०-४२ मिमी. मोठं भोक लहान होल्डरवर बसवायला प्लास्टिकची चकती मिळते. उलट जुगाड होत नाही. कडं कानशीने घासलं तर तिथेच कमजोर होतं. म्हणून मेन स्विच बंद करून होल्डरची रिंग काढा, आट्यांच्या भागाचा बाहेरचा व्यास मोजा आणि ते माप घेऊनच दुकानात जा.

बसवताना बल्ब काढायचा, शेडचं कडं सरकवायचं आणि रिंग फक्त हाताने आवळायची. पक्कड लावली की प्लास्टिकची रिंग तडकते आणि शेड कलते.

टेबल लॅम्पच्या शेडचा खालचा काठ बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून साधारण १००-११० सेंमीवर हवा. त्याहून वर गेला तर बल्ब डोळ्यात खुपतो. जेवणाच्या टेबलावरच्या शेडचा काठ टेबलापासून ७५-८५ सेंमी वर ठेवावा. आणखी खाली आणला तर समोरच्याचा चेहरा झाकला जातो.

बल्ब ९ वॅटचा एलईडी पुरतो. जुना ६० वॅटचा बल्ब कापड करपवतो. पण एलईडीचा नाजूक भाग म्हणजे त्याच्या बुडातलं सर्किट. लटकत्या दिव्यात बूड वर असतं आणि गरम हवा तिथेच जमते. त्यामुळे वरचं तोंड बंद असलेल्या शेडमध्ये एलईडी लवकर जातो. टेबल लॅम्पमध्ये बूड खाली असल्याने हा त्रास कमी. लटकती शेड घेताना वरचं तोंड उघडं आहे ना, एवढं पाहाच. ती पंख्याच्या वाऱ्यातही नको: हलकी कापडी शेड सतत डोलते आणि वायर होल्डरपाशी झिजते.